इंद्रायणीकाठची ख्रिस्ती भजने : दुःखाच्या दिवसांतील गाण्याचा एक अभ्यास

नारायण वामन टिळक मराठी वाचकाला शाळेच्या पुस्तकात भेटतात ते फुलामुलांचे कवी म्हणून. पुढे ‘स्मृतिचित्रे’ हाती येते तेव्हा ते लक्ष्मीबाईंचे भोळे, तापट, पैशाचा हिशेब न ठेवणारे यजमान म्हणून कायमचे लक्षात राहतात. पण टिळकांचे जे शब्द आजही रोज कुठेतरी मोठ्याने म्हटले जातात, ते या दोन्ही ठिकाणचे नाहीत. ते आहेत ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या गीतसंग्रहात. साहित्याच्या इतिहासात भजनकार टिळकांच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो. ख्रिस्ती घरांत मात्र आजारी माणसाच्या उशाशी, दफनाच्या आदल्या रात्री, नोकरी गेलेल्या मुलाच्या घरी त्यांची भजने पुस्तक न उघडता म्हटली जातात.

संकटात सापडलेली माणसे ही गाणी का म्हणतात आणि त्यांतून त्यांना नेमके काय मिळते, हा या लेखाचा विषय आहे. ‘श्रद्धेमुळे’ हे त्याचे तयार उत्तर आहे आणि ते चूकही नाही. पण श्रद्धा तर प्रवचनातही असते, प्रार्थनेतही असते. मग वेळ कठीण आली की माणूस गाण्याकडेच का वळतो? गेली काही वर्षे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या घरसभांना जात असताना मी हाच प्रश्न मनात ठेवून ऐकत आलो. मी याच समाजातला आहे. माझे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर राहुरी तालुक्यातून पिंपरीत आले. त्यामुळे हे निरीक्षण तटस्थ आहे असा माझा दावा नाही. मात्र गाण्यांकडे मराठीचा शिक्षक म्हणूनही पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कारखान्यांचा पट्टा आणि त्यातील मंडळी

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पुढच्या दोन दशकांत भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळरानांवर मोठ्या गाड्यांपासून लहान सुट्या भागांपर्यंत सगळे बनू लागले. १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महापालिका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हा पसारा मोशी ओलांडून चाकणकडे सरकला. या वाढीबरोबर मराठवाडा, सोलापूर, नगर जिल्ह्यांतून माणसे येत राहिली. त्यांत नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबेही होती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) आपले ठाणे केले होते आणि पुढे संगमनेर, राहता, श्रीरामपूरच्या बाजूला कॅथलिक मिशननेही काम वाढवले. या दोन्ही परंपरांची माणसे खराळवाडी, दापोडी, काळेवाडी, चिखली, मोशी अशी पसरली. कोणी सणाला हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणारे, तर कोणी एकमेकांना भेटताना ‘सलाम’ म्हणणारे.

या कुटुंबांपैकी बहुतेकांची मुळे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत आहेत. धर्म बदलला तरी गावाने जात विसरली नाही. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. दोन्हीकडून कमीच, अशी ही स्थिती आहे. कारखान्यात कायम झालेल्या पहिल्या पिढीने घरे बांधली, मुले शिकवली. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या वाट्याला कंत्राटी काम आले. सलग २४० दिवस भरले तर कायद्याने काही हक्क सांगता येतो, म्हणून सात महिने होत आले की अनेक ठिकाणी ‘ब्रेक’ दिला जातो. हा शब्द या पट्ट्यात इतका रुळला आहे की ‘ब्रेक लागला’ म्हटले की पुढे काही विचारावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट इथल्या उपासनेवर परिणाम करते. या भागातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सकाळी चर्चची घंटा होते तेव्हा पहिल्या पाळीचा कामगार मशीनवर उभा असतो. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जमायचे, ही घरसभेची रीत इथे चांगली रुजली. दहा बाय बाराची खोली, दाराबाहेर चपलांचा ढीग, एक ढोलकी, एक-दोन टाळ, असलीच तर पेटी. गाणी अशा खोल्यांत म्हटली जातात, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

तुकोबांच्या वाटेने

देहू या पट्ट्याच्या ऐन मध्यावर आहे. तळवड्याच्या कारखान्यांपासून ते हाकेच्या अंतरावर. ज्या भामचंद्र डोंगरावर तुकोबांना साक्षात्कार झाला असे परंपरा सांगते, तो चाकणजवळ आहे आणि आज त्याच्या पायथ्याच्या बाजूला कारखान्यांच्या शेड दिसतात. देहूहून निघालेली पालखी आकुर्डीला मुक्काम करते. नगरहून आलेली ख्रिस्ती माणसे पोटासाठी आली ती अशा रीतीने तुकोबांच्याच शेजाराला. पण त्यांच्या गाण्यांचे तुकोबांशी नाते त्याआधीच जुळले होते आणि ते जुळवले टिळकांनी.

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यानंतर ते नगरला आले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. हे केवळ कृतज्ञतेचे बोलणे नव्हते. त्या काळी मराठी मंडळ्यांत इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर म्हटली जात. इंग्रजी पद्य आघातावर चालते. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आणि अक्षरसंख्या यांना महत्त्व. त्यामुळे चालीचा जोर नको त्या अक्षरावर पडे आणि अर्थ मोडे. अशी गीते पुस्तक हातात धरून म्हणता येतात, पण तोंडी राहत नाहीत. टिळकांच्या आधी कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या नगरच्या कीर्तनकारांनी पदे आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले होते. सांगळे यांचे समर्पणाचे एक पद तर पुढे भाषांतर होऊन इंग्रजी गीतसंग्रहांतही गेले आणि तिथे त्याच्या चालीचे नाव ‘तन मन धन’ असेच राहिले.

टिळकांनी या वाटेला अभंगाचा पाया दिला. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे असतात. तीन पावले चालून चौथ्याला टेकावे, तशी ही रचना आहे. शेवटच्या चार अक्षरांशी श्वास सुटतो, टाळ पडतो, आणि पुढचे कडवे आठवायला तेवढीच उसंत मिळते. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांनी शेकडो ओळी अशाच पाठ केल्या. दुःखात असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. त्याला पुस्तक उघडण्याचे, पान शोधण्याचे बळ नसते. जे आधीच तोंडात बसले आहे तेवढेच कामाला येते.

छंदाबरोबर एक संबोधनही आले. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतात. टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटले. पश्चिमेकडून आलेल्या गीतांत देव मुख्यतः राजा, पिता, मेंढपाळ आहे. मराठी भजनात तो आई झाला आणि आईशी जसे बोलता येते तसे त्याच्याशी बोलता येऊ लागले. तिच्यापाशी हट्ट करता येतो, रुसता येते, ‘इतका उशीर का?’ असे विचारता येते.

या प्रयत्नाला मराठीत फार जुना आधार आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. धर्म बदललेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी वाचायला, गायला काही हवे, ही त्यांची मागणी खुद्द त्या ग्रंथातच नोंदलेली आहे. म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्याच्या आरंभीच ही उणीव बोलून दाखवली गेली आहे की नुसती शिकवण मिळाली, पण म्हणायला काही नसेल, तर माणूस पोरका राहतो.

तक्रारीला जागा

सांत्वनाचे गाणे म्हणजे धीर देणारे गाणे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्ष गीते पाहिली तर चित्र वेगळे दिसते. बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. अभ्यासकांच्या मते त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘हे किती काळ चालणार’ अशा आशयाच्या प्रश्नांनी होते. बाविसावे स्तोत्र देवाने टाकून दिल्याच्या आक्रोशाने सुरू होते आणि शेवटी स्तुतीकडे वळते. येशूने वधस्तंभावर उच्चारलेले शब्द त्याच्याच आरंभीचे आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत उजेडाकडे वळतच नाही. काळोखाच्या उल्लेखावरच ते संपते. तरीही ते उपासनेच्या पुस्तकात ठेवले गेले, दोन-अडीच हजार वर्षे वाचले गेले.

तुकोबांचे विठ्ठलाशी भांडण वाचकाला परिचयाचे आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्या अनुभवातून आलेल्या अभंगांत देवाला जाब विचारलेला आहे. स्तोत्रसंहितेतील विलाप आणि तुकोबांची तक्रार या दोन परंपरा एकमेकींपासून हजारो मैलांवर वाढल्या. नगरच्या भजनांत त्या एकत्र आल्या. ती भजने ज्यांच्यासाठी लिहिली गेली त्यांनीही दुष्काळ आणि प्लेग पाहिलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पाच वर्षांत दोन मोठे दुष्काळ पडले आणि मध्येच प्लेग आला. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातील शेकडो मुली-बायकांना आसरा दिला तो याच वर्षांत. अशा लोकांसमोर ‘सगळे ठीक होईल’ असे गाणे टिकले नसते.

माझ्या मते सांत्वनाचे पहिले काम इथे होते. गाणे दुःखाला आधी खरे म्हणते. चिखलीच्या एका घरसभेत ब्रेक लागलेला एक तरुण पहिली दोन भजने गप्प बसून होता. तिसऱ्याला, ध्रुपद परत आल्यावर, तो हळूच सामील झाला. नंतर चहा घेताना मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘सर, घरी सगळे सांगतात धीर धर. गाण्यात तसं काही नव्हतं. माझ्याच मनातलं होतं ते. मग म्हटलं, आपणही म्हणावं.’’ त्याला नोकरीचे आश्वासन मिळाले नव्हते. मनात साठलेले मोठ्याने बोलण्याची परवानगी मिळाली होती, तीही शंभर वर्षे जुन्या शब्दांत आणि पंधरा माणसांच्या आवाजाआड.

ध्रुपदाचे काम

हा ‘आवाजाआड’ महत्त्वाचा आहे. भजनात एक जण कडवे म्हणतो, बाकीचे ध्रुपद धरतात. ज्याचा गळा दाटला आहे त्याने कडवे सोडले तरी गाणे थांबत नाही. ध्रुपद पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे त्याला कुठूनही आत शिरता येते. माणूस एकटा प्रार्थना करायला बसला आणि शब्द सापडले नाहीत तर प्रार्थना तिथेच अडते. भजनात ती इतरांच्या तोंडून चालू राहते. शरीराचाही त्यात भाग आहे. लांब ओळ म्हणायची तर उच्छ्वास लांबतो, आणि लांब, संथ उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. घाबरलेल्या माणसाला ‘शांत हो’ म्हणून जे जमत नाही, ते चार ओळी म्हणून थोडेफार जमते.

घरसभेत गाणे संपले की प्रार्थना, वचन आणि साक्ष होते. त्यानंतर चहा, आणि चहाबरोबर चौकशा. कोणाच्या ओळखीचा ठेकेदार आहे, कोणत्या कंपनीत भरती आहे, कोणाच्या मुलीची फी राहिली आहे. गाण्याने खोलीतील माणसे एकमेकांसमोर आधीच मोकळी झालेली असतात, म्हणून मदत मागणे सोपे जाते. या बाजूने पाहिले तर गाणे सहन करायला शिकवते आणि अन्याय झाकते, हा आक्षेप पूर्ण खरा ठरत नाही. तो पूर्ण खोटाही नाही. ‘देवावर भार टाका’ एवढेच सांगून कामगाराला गप्प बसवणारी प्रवचने मी ऐकली आहेत. पण तक्रारीची भजने म्हणणारी सभा आणि फक्त समाधान शिकवणारी सभा यांत मला फरक दिसला. पहिलीत लोक आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगतात.

जेव्हा गाणेच बंद झाले

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण आले होते. त्यांतील ५३ जणांना कोरोनाची लागण झाली किंवा झाली असावी असे आढळले आणि दोघे दगावले. एकत्र गाणे हाच धोका, हे त्या घटनेने जगापुढे आणले. आपल्याकडे टाळेबंदी आली, प्रार्थनास्थळे बंद झाली. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली आणि दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली.

त्याच एप्रिलमध्ये माझी आई गेली. आमच्याकडे माणूस गेले की रात्रभर भजने होतात. शेजारच्या मंडळीतूनही लोक येतात. आईला माती दिली तेव्हा आम्ही मोजके लोक होतो, तोंडावर पट्टी होती, पाळकसाहेबांनी अंतरावरून प्रार्थना म्हटली. कोणी गायले नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मला जे वाटले ते नुसते दुःख नव्हते. काहीतरी करायचे राहून गेले आहे, अशी ती बोच होती.

दुसऱ्या दिवसापासून मंडळीतील बायकांनी फोनवर एकत्र जमायला सुरुवात केली. सगळे एकदम गाऊ लागले की आवाज मागेपुढे होत आणि गोंधळ होई. मग काळेवाडीच्या एका काकूंनी रीत घालून दिली : एका घराने म्हणायचे, बाकीच्यांनी आपापल्या घरी फोनचा आवाज बंद ठेवून ध्रुपद धरायचे. सगळ्यांचे मिळून गाणे कोणालाच ऐकू येत नव्हते, पण ते चालले आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. मी त्या आठवड्यात तोंड उघडले नाही. नुसता ऐकत बसलो. आधी ज्याचे वर्णन मी चिखलीच्या मुलाच्या निमित्ताने केले, त्याचा अर्थ मला तेव्हा उमगला. माझ्या वाटचे म्हणणारे कोणीतरी होते.

आईच्या ‘उपासना संगीता’त गीतांच्या कडेला पेन्सिलीने तारखा आहेत. आमच्या आजोबांचे जाणे, वडिलांची कारखान्यातील टाळेबंदी, माझ्या बहिणीचे आजारपण. कुठेही दुसरा शब्द नाही, फक्त तारीख. बहुतेक खुणा विलापाच्या आणि याचनेच्या गीतांशी आहेत. स्तुतीच्या गीतांशी त्या मानाने थोड्या.

नवी गाणी

आज चाकण, म्हाळुंगे, मेदनकरवाडीच्या बाजूला भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या उपासनांत चित्र बदलले आहे. झारखंड, ओडिशा, केरळ, तामिळनाडूतून आलेले तरुण एकत्र येतात. हिंदी हीच त्यांची सामाईक भाषा. कीबोर्ड, गिटार, भिंतीवर उमटणारे शब्द. ‘वर्शिप’ म्हणून ओळखली जाणारी ही गाणी सोपी आणि उत्साही असतात. पहिल्या दिवशी आलेल्या परक्या मुलाला ती लगेच म्हणता येतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. दूर घर सोडून आलेल्याला हाही आधारच आहे आणि जुन्या पिढीने त्याला नाक मुरडू नये.

पण या गाण्यांत स्तुती जवळजवळ सगळी जागा व्यापते. विलाप आला तरी दोन ओळींत विजयाकडे वळतो. ज्याचे दुःख अजून वळलेले नाही, त्याने त्या वेळी काय म्हणायचे? मी हा प्रश्न चाकणच्या एका गटात विचारला तेव्हा गिटार वाजवणारा मुलगा म्हणाला, ‘‘आजीच्या भजनात ते आहे, पण आम्हाला चाल येत नाही.’’

चाल येत नाही, ही आजची खरी अडचण आहे. ‘उपासना संगीता’त शब्द छापलेले आहेत, बहुतेक चाली मात्र तोंडी आल्या. एकाच अभंगाची राहुरीची चाल वेगळी, जालन्याची वेगळी. ज्या पिढीला त्या येत होत्या तिच्यातील कितीतरी माणसे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत गेली. माझ्या आईला येणाऱ्या काही चाली आता आमच्या घरात कोणालाच येत नाहीत. शब्द समोर असूनही ते भजन आम्हाला म्हणता येत नाही, वाचावे लागते. वाचलेले भजन चांगली कविता असू शकते. पण ज्याचा गळा दाटला आहे त्याला मागून उचलून घेण्याचे जे काम ध्रुपद करते, ते वाचून होत नाही.

म्हणून या अभ्यासातून निघालेली सूचना साधी आहे. मराठीच्या विभागांनी, मंडळ्यांच्या तरुण संघांनी, आणि ज्याच्या हातात फोन आहे अशा कोणीही, आपल्या भागातील सत्तरीच्या पुढच्या माणसांकडून ही भजने म्हणून घ्यावीत. गाव, चाल कोणाकडून आली, आणि ती कोणत्या प्रसंगी म्हणत, एवढे टिपून ठेवावे. चिखलीच्या गटाने गेल्या पावसाळ्यापासून दर गुरुवारी हे सुरू केले आहे. आधी एखादी मावशी किंवा आजोबा जुन्या चालीवर भजन म्हणतात, मुले ते फोनवर घेतात, आणि मग गिटारवर तीच चाल धरण्याचा प्रयत्न करतात. चार अक्षरांशी थांबायचे त्यांना अजून नीट जमत नाही. म्हातारी माणसे मान हलवतात आणि कडवे पुन्हा पहिल्यापासून घेतात.